वजन कमी करायची आठवड्याची सुई: जागा कशी निवडायची, फेरपालट कशी ठेवायची

आमच्या गावात सुई म्हटलं की माणसाचा हात आधी कमरेकडे जातो. दवाखान्यात पाठ करून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे, एवढंच सुईचं शिक्षण. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले तरी गावात ओळख 'सिस्टर' हीच आहे, आणि हल्ली ओसरीत बसून पिशवीतून औषध भरलेलं सुईचं पेन काढून 'हे कुठं टोचायचं?' असं विचारणारी माणसं वाढली आहेत.

या सुयांत औषधं मुख्यतः दोन: टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड. टिर्झेपटाइड 'माउंजारो' या नावानं भारतात मार्च 2025 मध्ये आलं, सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावानं त्याच वर्षी जूनमध्ये. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांनाही ते बनवायची वाट मोकळी झाली. नागपूर, अमरावती, यवतमाळच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ही पेनं आता गावात येतात. डॉक्टर पाच मिनिटांत दाखवतात, ते एसटीत बसेपर्यंत अर्धं विसरतं, आणि आठ दिवसांनी पुढची सुई एकट्यानं घ्यायची वेळ येते. त्या माणसासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. औषध कोणतं, डोस किती आणि कधी वाढवायचा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल, आधी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल, साखरेसाठी इन्सुलिन किंवा ग्लायमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर हे पहिल्या सुईच्या आधी डॉक्टरांना सांगितलेलं असलं पाहिजे. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या पेनमधून एक सुई घेऊन पाहणं तर अजिबात नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहेच.

जागा बदलायची कशासाठी

हे मी माझ्या मोठ्या जाऊबाईंमुळे शिकले. त्यांना इन्सुलिन होतं, सकाळ-संध्याकाळ. साखर काही केल्या आटोक्यात येईना, डोस वाढत गेला. एकदा मी त्यांच्या पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ. वरून मऊ, आत रबरासारखी. रोज तिथंच सुई घ्यायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं दुखत नाई व मले, म्हून तिथंच घेतो मी."

दुखत नव्हतं, कारण ती जागा बधिर झाली होती. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा टोचल्यानं कातडीखालची चरबी गाठीसारखी वाढते, आणि अशा गाठीत टोचलेलं औषध रक्तात कधी कमी, कधी उशिरा, कधी एकदम उतरतं. जाऊबाईंनी जागा बदलली तशी त्याच डोसनं साखर इतकी खाली आली की डॉक्टरांना इन्सुलिन कमी करावं लागलं.

आता खरं ते सांगते. इन्सुलिनचा स्वभावच चरबी वाढवायचा आहे. आठवड्याच्या या औषधांचा तसा नाही, आणि दिवसातून दोनदा टोचणं व आठवड्यातून एकदा टोचणं यात फार अंतर आहे. दोनदा घेणाऱ्याला वर्षाला 730 सुया लागतात, तुम्हाला 52. त्यामुळे जाऊबाईंसारखी गाठ होईल म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण जागा लाल होणं, खाजणं, आत दाणा धरणं, काळानिळा डाग पडणं हे या सुयांनीही होतं. जुना दाणा बसायच्या आत तिथंच नवी सुई गेली की ती जागा कडक होत जाते. 52 सुयांची फेरपालट ठेवणं मुळीच जड नाही. शेतात दरवर्षी कापसावर कापूस घेत नाही, मधे तूर-सोयाबीन घेतो, तितकंच हे साधं आहे.

कुठं टोचायचं

या औषधांसाठी जागा तीनच: पोट, मांडी आणि दंडाची मागची बाजू. इन्सुलिन कुल्ल्यावरही देतात, पण या पेनांच्या माहितीपत्रकात या तीनच जागा दिल्या आहेत. कमरेत मुळीच घ्यायची नाही. ती सुई स्नायूत जायची असते. ही सुई कातडीच्या लगेच खाली, चरबीत जायची आहे, आणि म्हणूनच ती एवढी बारीक आणि आखूड असते. बहुतेकांना 4 मिलिमीटरची पुरते. मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही, हे पहिल्या सुईनंतर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसतं.

पोटापासून सुरुवात करा, नव्या माणसाला तेच सोपं. बेंबीच्या भोवती सगळीकडून चार बोटं जागा सोडून द्या. तिथली कातडी घट्ट असते आणि औषध नीट पसरत नाही. वर बरगड्यांच्या खालपर्यंत आणि दोन्ही बाजूंना जिथवर चरबी चिमटीत येते तिथवर जागा आपली. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनची किंवा सिझरची खूण असेल तर तिच्यापासून दूर. बाळंतपणाचे पांढरे वण, मस, पुरळ, घामोळ्या, खरचटलेली जागाही सोडा.

आणि कमरेची रेघ सोडा. ही गोष्ट कोणत्याच माहितीपत्रकात सापडणार नाही, पण आमच्याकडे महत्त्वाची आहे. परकराची नाडी, लुगड्याची गाठ, पायजम्याची नाडी, पुरुषांचा करदोडा दिवसभर एकाच ओळीवर घासत असतो. कापूस वेचणाऱ्या बाया तर कमरेला कापड बांधून झोळी करतात आणि ओझं थेट खालच्या पोटावर येतं. त्या ओळीवर सुई घेतली तर साधा दाणाही दुखत राहतो. आधी कपडा थोडा खाली करून नाडीचा वळ कुठं उठला आहे ते पाहा, आणि त्याच्या वर दोन बोटं किंवा खाली दोन बोटं जागा धरा. वेचणीच्या दिवसांत पोटाच्या खालच्या भागाला सुट्टीच देऊन टाका, मांडी वापरा.

मांडीचा मधला भाग घ्यायचा. गुडघ्याच्या वर एक तळहात सोडा, जांघेच्या खाली एक तळहात सोडा, आणि उरलेल्या भागात समोरून जरा बाहेरच्या अंगाला टोचा. आतली बाजू नको, तिथं शिरा जवळ असतात आणि चालताना मांडीला मांडी घासते. खाटेवर बसून पाय सैल सोडला की मांडी मऊ पडते. उभ्यानं घेतलं की स्नायू ताठ होतो आणि तेवढ्यानंच दुखतं.

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नवख्यानं एकट्यानं दंडाच्या नादी लागू नये. जागा मागच्या बाजूला आहे, तिथं एका हातानं पेन सरळ धरता येत नाही, आणि माउंजारोच्या पत्रकात तर दंडावर दुसऱ्यानंच टोचावं असं लिहिलं आहे. घरात सून, मुलगा, कुणी शिकलेलं असेल तर दंड धरा. शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेणाऱ्यानं त्या आठवड्यात दंड टाळावा, कारण पट्टा खांद्यावरून तिकडंच येतो. फवारणीच्या दिवशी सुई घेणं आलंच तर आंघोळ करून, कपडे बदलून, साबणानं हात दोनदा धुऊन मगच.

मांडीत घेतलं तर मळमळ कमी होते, पोटात घेतलं तर वजन लवकर उतरतं, असं गावभर ऐकू येतं. कंपन्यांच्या अभ्यासात तिन्ही जागांमधून रक्तात पोचणारं औषध जवळपास सारखंच आढळलं आहे. सेमाग्लुटाइड अंगात अर्धं व्हायला आठवडाभर लागतो, टिर्झेपटाइडला पाचेक दिवस. इतकं संथ चालणाऱ्या औषधाला जागेनं मोठा फरक पडत नाही. मळमळ बहुतेकदा डोस वाढल्यावर होते, आणि ती कमी होते थोडं-थोडं खाल्ल्यानं, तळण आणि तर्रीची भाजी बाजूला ठेवल्यानं.

फेरपालट: सहा तुकड्यांचं शेत

पोटाला बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मनात ओढा. चार तुकडे झाले. दोन मांड्या धरून सहा. आता क्रम असा लावा: उजवं वरचं पोट, डावं वरचं पोट, डावं खालचं, उजवं खालचं, उजवी मांडी, डावी मांडी. एका जागेची पाळी पुन्हा यायला सहा आठवडे जातात. तोवर जुना दाणा, डाग सगळं बसलेलं असतं.

सहा आठवड्यांनी त्या तुकड्यात परत आलात की मागच्या ठिकाणी टोचायचं नाही, तिथून दोन बोटं सरकायचं. साधारण एक इंच अंतर पडलं पाहिजे. पऱ्हाटीच्या दोन ओळींत अंतर ठेवतो तसंच.

कुणाला मांडी नकोशी वाटते, कुणाला कायम पोटच बरं वाटतं. चालेल. भाग तोच ठेवला तरी हरकत नाही, नेमकी जागा मात्र दर आठवड्याला बदलली पाहिजे. इन्सुलिनही चालू असेल तर दोन्ही एकाच भागात घेता येतात, पण एकमेकांना लागून नाही, आणि एका सिरिंजमध्ये मिसळून तर कधीच नाही.

आता हिशेब कुठं ठेवायचा? डोक्यात नाही. आठ दिवसांनी कुणालाच आठवत नाही की मागची सुई डावीकडे होती की उजवीकडे. घरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. सुई घेतली की त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहा: 'उ. वर', 'डा. मांडी'. खाली डोस लिहा. दूधवाल्याचा हिशेब जिथं लिहिता तिथंच हा. डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून न्या.

वार कोणता धरायचा, तर आपला बाजाराचा दिवस. आठवडी बाजार कुणी विसरत नाही. बाजारातून आलं, पिशवी ठेवली, हातपाय धुतले, की सुई. जेवणाआधी की नंतर याचं बंधन नाही. चुकलीच तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत घेता येतं. त्याहून उशीर झाला तर ती सुई सोडायची आणि पुढच्या बाजाराला नेहमीचीच एक घ्यायची. भरपाई म्हणून दोन कधीच नाही. वार बदलायचा असेल तर दोन सुयांत निदान तीन पूर्ण दिवस गेलेले हवेत.

टोचताना

पेन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, गार औषध जास्त झोंबतं. उन्हाळ्यात मात्र कूलरच्या खोलीत ठेवा, उन्हाच्या ओसरीत नाही. हात साबणानं धुवा. नाव, डोस आणि मुदतीची तारीख उजेडात वाचा. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ दिसलं किंवा कण तरंगताना दिसले तर वापरू नका.

त्यानंतर जागा चाचपा. मी शिकवते ते असं: साबणाचा ओला हात घ्या आणि बोटांची टोकं त्या भागावर हळूहळू गोल फिरवा, कणकेत खडा आहे का पाहतो तसं. ओल्या हाताला बारीक दाणाही लागतो, कोरड्याला चुकतो. मग दोन बोटांनी चिमूट धरा. चांगली जागा पातळ, मऊ उचलली जाते. कडक जागा चिमटीत येतच नाही, निसटते. तशी लागली तर ती जागा महिना-दोन महिने सोडून द्या आणि कॅलेंडरवर तसं लिहून ठेवा. चाचपून झालं की साबण धुऊन जागा कोरडी करा. स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर वाळू द्या, ओल्यावर टोचलं की आग होते.

नवी सुई पेनला बसवा. काही पेनांत दर वेळी आधी थेंब काढून पाहावा लागतो, काहींत फक्त नव्या पेनाला. हे त्या पेनाच्या पत्रकावरूनच करा, कारण प्रत्येक कंपनीचं पेन वेगळं आहे. मग डोसचा आकडा फिरवा, पेन सरळ काटकोनात धरा, टोचा, बटण शेवटपर्यंत दाबा आणि दाबूनच ठेवा. पत्रकात कुठं पाच मोजा, कुठं सहा मोजा असं असतं. मी सगळ्यांना सावकाश दहा मोजायला लावते, कारण पहिल्या वेळी सगळेच भरभर मोजतात. लवकर उपसलं की औषध कातडीवर ओघळतं. रक्ताचा थेंब आला तर कापूस दाबून धरा. चोळू नका, शेकू नका.

चिमूट धरून टोचायचं की नाही? अंगावर चरबी असेल आणि सुई 4 मिलिमीटरची असेल तर गरज नाही. पण वजन उतरायला लागलं की मांड्या आणि दंड बारीक होतात, आणि सहा महिन्यांपूर्वी जिथं भरपूर चरबी होती तिथं आता स्नायू जवळ आलेला असतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या जागा नव्यानं चाचपा. पातळ झाली असेल तर चिमूट धरून टोचा, नाहीतर ती जागा यादीतून काढा.

उन्हाळा आणि फ्रीज

हे आपल्या भागात सगळ्यात अवघड. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. उघडल्यावर काही आठवडे बाहेर चालतं, पण 30 अंशांच्या खाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि रात्रीही घरात 30 खाली येत नाही. तेव्हा आपल्यासाठी नियम एकच: उघडलेलं पेनही फ्रीजमध्येच, सुई काढून, टोपण लावून. माठाशेजारी ठेवणं पुरेसं नाही. वीज गेली तर फ्रीज उघडझाप करू नका, बंद दार बराच वेळ गारवा धरतं.

गोठणं तर गरमीहून वाईट. आमच्या घरी एकदा मुलानं बाटल्या ठेवायला जागा करताना पेन वरच्या फळीवर, बर्फाच्या खणाला टेकवून ठेवलं. सकाळी आत बर्फाचे काटे दिसत होते. नंतर ते वितळून अगदी पहिल्यासारखं दिसायला लागलं, तरी फेकावं लागलं. गोठलेलं औषध वितळल्यावरही कामाचं नसतं, आणि पैसे गेले म्हणून जीव कितीही तुटला तरी ते टोचायचं नाही. पेन मधल्या फळीवर, डब्यात घालून ठेवा.

नागपूरहून एसटीनं आणताना लसवाहक डब्याची युक्ती वापरा. आम्ही लसी नेताना बर्फाची पाकिटं फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात घालत नव्हतो. बाहेर ठेवायची, हलवून पाहायची, आत पाण्याची खुळखुळ ऐकू आली की मगच डब्यात. म्हणजे लस गोठत नाही. पेनलाही तेच करा, आणि वर पंचा गुंडाळून पेन बर्फाला थेट टेकणार नाही असं ठेवा.

कधी थांबायचं, कुणाला दाखवायचं

सुईच्या जागी थोडी लाली, खाज, मटाराएवढा दाणा दोन-चार दिवसांत जातो. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू धरला किंवा ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. अंगभर गांध्या, ओठ-चेहरा सुजणं, दम लागणं झालं तर क्षणभरही थांबू नका. पोटात कळ येऊन पाठीत जात असेल आणि थांबत नसेल, उलट्या होत असतील, तर पुढची सुई न घेता डॉक्टर गाठा. वैशाखात उलट्या-जुलाब आणि शेतातलं ऊन एकत्र आलं की अंगातलं पाणी फार लवकर तुटतं. भूक नसते म्हणून पाणीही कमी पितात माणसं. भूक नसली तरी पाणी, ताक, ओआरएस घड्याळ पाहून प्यायला लावा.

पेन एकाचंच, सुई एकदाचीच

दोघी बहिणींनी एक पेन विकत घेऊन फक्त सुया बदलल्या तरी चालतं का, असं मला विचारलं गेलं आहे. चालत नाही. टोचताना रक्ताचा अंश सुईतून मागे पेनाच्या नळीत जाऊ शकतो, आणि कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही सुई बदलल्यानं थांबत नाहीत. सुई पुन्हा वापरली तर टोक बोथट होतं, जखम मोठी होते, आणि ज्या गाठी टाळायला एवढी फेरपालट केली त्याच होतात.

वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका. उकिरडा पावसाआधी शेणखत म्हणून शेतात जातो, आणि त्या शेतात बाया अनवाणी निंदायला उतरतात. फिनाइल किंवा कपडे धुवायच्या औषधाची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, झाकण आट्याचं हवं. कीटकनाशकाचा डबा नको, त्यात हातही घालायचा नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी फडताळात ठेवा, पाऊण भरली की झाकण घट्ट करून चिकटपट्टी लावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारून तिच्या हवाली करा. आठवड्याला एक या हिशेबानं ती भरायला वर्ष जाईल.